हिब्रू शास्त्रात त्रैक्य खरंच आहे का, की आपण ते नंतर जाऊन तिथे वाचतो?

शब्दशोध्या:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, जरा लांब होईल, सांभाळून घ्या. मी ख्रिस्ती घरात वाढलो. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं की त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे फक्त नव्या करारातलं नाही तर बायबलच्या पहिल्याच ओळीत आहे, कारण तिथे देवासाठी 'एलोहीम' हा शब्द आहे आणि तो अनेकवचनी आहे. मग उत्पत्ति १:२६ मधलं 'आपण मनुष्य करू', मग शेमा, म्हणजे 'परमेश्वर एकच आहे' ही यहुद्यांची कबुली ('अनुवाद' या पुस्तकातलं ६:४), तिथे 'एक' साठी 'एखाद' शब्द आहे (मराठीतल्या 'एखादा'शी संबंध नाही, नुसता उच्चार सारखा) आणि त्याचा अर्थ म्हणे 'अनेकांचं मिळून झालेलं एक'. हे मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनाही सांगत आलोय.

आता वर्षभर हिब्रू शिकतोय आणि एका यहुदी मित्राशी या विषयावर बोलणं झालं. तो अजिबात भांडला नाही, फक्त म्हणाला की हे सगळे मुद्दे आमच्याकडे शेकडो वर्षांपासून माहीत आहेत, त्यांची उत्तरंही आहेत, तू ती वाचली आहेस का? मी वाचली नव्हती. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. विश्वास गेला असं नाही, पण चुकीच्या टेकूवर विश्वास उभा करायचा नाही एवढं नक्की. तर ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सांगा, हिब्रू शास्त्र (ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात ते) त्रैक्याला आधार देतं का? कोणत्याही बाजूचे असाल तरी मोकळेपणाने लिहा.

मूळाक्षर:
तुमचा प्रश्न मनापासून आवडला. मी भाषेच्या बाजूनेच लिहितो, श्रद्धेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

एलोहीमचा मुद्दा सोडून द्या, तो टिकत नाही. मराठी माणसाला तर हे पटकन कळायला हवं, आपण 'बाबा आले' म्हणतो, 'साहेब बसलेत' म्हणतो, बाबा एकच आणि साहेबही एकच. हिब्रूत थोडं वेगळं आहे, तिथे नाम अनेकवचनी राहतं पण क्रियापद एकवचनी येतं. 'बेरेशीत बारा एलोहीम' यातलं 'बारा', म्हणजे निर्माण केलं, हे चोख एकवचन आहे. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात कर्ता एकच आहे आणि नामाचं रूप मोठेपणा दाखवायला आलंय. आणि हे फक्त इस्राएलाच्या देवासाठी आहे असंही नाही हो. शास्ते ११:२४ मध्ये कमोश या परक्या देवासाठी हेच रूप आहे, १ शमुवेल ५:७ मध्ये दागोनासाठी, १ राजे ११:३३ मध्ये सीदोनी लोकांच्या अष्टोरेथ देवीसाठी, आणि निर्गम ७:१ मध्ये तर परमेश्वर मोशेला म्हणतो की मी तुला फारोसाठी एलोहीम केलंय. मोशे तीन व्यक्ती नव्हता. योसेफाच्या मिसरी धन्यासाठीही उत्पत्ति ३९:२० मध्ये 'धनी' हा शब्द अनेकवचनी रूपातच आहे. शेजारपाजारच्या भाषांतही ही रीत होती, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या अमार्ना पत्रांमध्ये कनानातले राजे मिसरच्या एकट्या फारोला 'माझे देव' असं अनेकवचनात लिहितात.

प्रामाणिकपणे अपवादही सांगायला हवेत, उत्पत्ति २०:१३ आणि ३५:७ मध्ये एलोहीमसोबत क्रियापदसुद्धा अनेकवचनी आलंय, आणि त्यावर व्याकरणवाल्यांनी बराच खल केलाय. पण समजा अनेकवचन खरंच संख्येचं धरलं, तरी त्यातून निघणार 'अनेक देव', आणि ते तर कुठल्याच ख्रिस्ती माणसाला नकोय. तीन हा आकडा त्यात नाहीच. अहो, खुद्द जॉन कॅल्व्हिनने, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मपंडिताने, उत्पत्तीच्या पहिल्या वचनावर लिहिताना सांगून ठेवलंय की एलोहीम शब्दावरून त्रैक्य सिद्ध करणं भक्कम नाही, वाचकांनी असल्या ओढाताणीपासून सावध राहावं. तो त्रैक्य मानणारा कडवा माणूस, १:२६ मध्ये त्याला अनेक व्यक्ती दिसतातही, तरी पहिल्या वचनाबाबत त्याने हे लिहिलं.

एखादबद्दल. उत्पत्ति २:२४ चं 'एक देह' आणि गणना १३:२३ चा 'द्राक्षांचा एक घड' ही दोन उदाहरणं नेहमी देतात. पण विचार करा, 'एक घड' म्हटल्यावर अनेकपणा कुठे आहे, 'एक' मध्ये की 'घड' मध्ये? घडात आहे. 'एक द्राक्ष' म्हटलं की 'एक' शब्द तोच राहतो आणि अनेकपणा नाहीसा होतो. यहेज्केल ३३:२४ मध्ये 'अब्राहाम एक होता' असं आहे, तिथेही एखादच. उपदेशक ४:८ मध्ये एक माणूस आहे, त्याला दुसरं कोणी नाही, ना मुलगा ना भाऊ, तिथेही एखाद. म्हणजे हा साधा एक हा आकडा आहे, त्यात जास्त काही लपलेलं नाही. उलट बाजूने कोणी म्हणेल की एखादमुळे त्रैक्य अशक्य ठरतं, तर तेही खरं नाही. शब्द दोन्हीकडे मुका आहे.

सांजदिवा:
मूळाक्षर यांचं बरोबर आहे, आणि मी स्वतः त्रैक्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी आहे म्हणून मुद्दाम सांगते, एलोहीम आणि एखाद हे मुद्दे मीही सोडलेत. पण म्हणून हिब्रू शास्त्रात काहीच नाही असं मात्र म्हणू नका. खरी जागा व्याकरणात नाही, गोष्टींमध्ये आहे.

परमेश्वराच्या दूताच्या गोष्टी परत एकदा सावकाश वाचा. उत्पत्ति १६, अब्राहामाच्या बायकोची दासी हागार रानात झऱ्याजवळ एकटी आहे, टाकलेली, पोटुशी, तिला परमेश्वराचा दूत भेटतो आणि म्हणतो 'मी तुझी संतती वाढवीन', परमेश्वर वाढवील असं नाही, मी. आणि १६:१३ मध्ये लिहिणाराच सांगतो की तिच्याशी परमेश्वर बोलला, आणि ती त्याला 'पाहणारा देव' असं नाव देते. निर्गम ३ मध्ये झुडपातल्या ज्वाळेत दूत दिसतो (वचन २) आणि दोनच वचनांनंतर झुडपातून देव हाक मारतो. शास्ते ६ मध्ये गिदोनाशी दूत बोलतोय आणि मधेच 'परमेश्वर त्याच्याकडे वळून म्हणाला' असं येतं. आणि तरीही हा दूत परमेश्वराहून वेगळासुद्धा आहे, जखऱ्या १:१२ मध्ये तो परमेश्वराला विचारतो की किती काळ तू यरुशलेमेवर दया करणार नाहीस. म्हणजे एकदा तोच, एकदा त्याच्याशी बोलणारा. निर्गम २३:२१ मध्ये देव म्हणतो की माझं नाव त्याच्यामध्ये आहे. मी ही वचनं पहिल्यांदा एकत्र ठेवून वाचली तेव्हा मला वाटलं की इथे असं काहीतरी आहे जे 'देव एक, बाकी सगळे नोकर' या सरळ रेषेत बसत नाही.

शिवाय यशया ६३:९-१० बघा, परमेश्वर, त्याच्या सान्निध्याचा दूत आणि त्याचा पवित्र आत्मा, तिघेही दोन वचनांत, आणि आत्म्याला दुःख होतं असं लिहिलंय. नुसत्या शक्तीला दुःख होत नाही. यशया ४८:१६ मध्येही बोलणारा म्हणतो की प्रभू परमेश्वराने आणि त्याच्या आत्म्याने मला पाठवलंय. याला मी सिद्धता म्हणत नाही, पण नव्या करारातला उजेड घेऊन मागे वळून पाहिलं की हे दिसतं, आणि ते आधीपासून तिथे होतं असं माझं ठाम मत आहे.

वनिता_वाचते:
सांजदिवा ताई, छान लिहिलंत, पण दूताच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. हिब्रूत 'मलआख' म्हणजे मुळात निरोप घेऊन जाणारा, माणूसही चालतो. उत्पत्ति ३२ च्या सुरुवातीला याकोबाला देवाचे मलआख भेटतात आणि लगेच तो स्वतः एसावाकडे मलआख पाठवतो, शब्द एकच, पहिले स्वर्गातले, दुसरे गडीमाणसं. आणि त्या काळी निरोप्या धन्याच्याच तोंडाने बोलायचा, 'मी' म्हणायचा, कारण तो धन्याचे शब्द जसेच्या तसे पोचवत असायचा. यहुदी वाचन हेच सांगतं, दूताला दिलेला मान पाठवणाऱ्याला जातो. तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही कदाचित, हागारेच्या गोष्टीत मलाही पूर्ण पुरेसं वाटत नाही, पण सगळं एका फटक्यात त्रैक्याकडे नेण्याआधी हे नाकारावं तरी लागेल ना.

यशया ६३:९ तर फारच अवघड जागा आहे. मसोरा, म्हणजे पाठ जपणाऱ्या यहुदी पंडितांच्या, परंपरेच्या हिब्रू पाठाप्रमाणे 'त्याच्या सान्निध्याच्या दूताने त्यांना तारलं' असं होतं, पण जुन्या ग्रीक भाषांतरात बरोबर उलट आहे, 'ना प्रतिनिधी ना दूत, तर प्रभूने स्वतः तारलं'. एका अक्षराच्या आणि एका विरामाच्या फरकाने असं होतं. ज्या वचनाचं मूळ वाचनच असं हलतंय त्यावर तिघांची मांडणी उभी करणं मला तरी धोक्याचं वाटतं. ४८:१६ मध्येही शेवटचा 'मी' संदेष्टा स्वतः असावा असं बरेच जण मानतात, आणि 'त्याचा आत्मा' हा पाठवणारा आहे की पाठवलेला हे हिब्रू वाक्यावरून ठरतच नाही.

'आपण मनुष्य करू' बद्दल, रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंना, हे वचन सोपं गेलं असं नाही. बेरेशीत रब्बा या जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या शास्त्रविवेचनात, अशी कथा आहे की मोशे हे लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, जगाच्या धन्या, पाखंड्यांच्या हातात हे कोलीत का देतोस, तर उत्तर आलं, तू लिही, ज्याला चुकायचंय तो चुको. मध्ययुगातले यहुदी भाष्यकार राशी यांचं उत्तर असं की देव नम्रपणे दूतांशी सल्लामसलत करतोय, पण पुढच्याच वचनात निर्माण करणारा एकवचनी आहे. आणि देवाचा दरबार ही कल्पना शास्त्रातलीच आहे, १ राजे २२ मध्ये परमेश्वर सिंहासनावर आणि सभोवती स्वर्गातलं सैन्य, ईयोबाच्या पहिल्या अध्यायातही तेच. यशया ६:८ मध्ये 'आमच्यासाठी कोण जाईल' म्हणतो तेव्हाही सराफीम, म्हणजे स्वर्गातले सेवक, समोरच उभे आहेत.

यशया ४४:२४ कोणी का घेत नाही? तिथे परमेश्वर म्हणतो, मी एकट्याने आकाश पसरलं, मी स्वतःच पृथ्वी विस्तारली. मला वाटतं ज्या लोकांनी हे लिहिलं, जपलं, ज्यासाठी पिढ्यानपिढ्या जीव दिले, त्यांना देव एकटा आहे हे सांगायचं होतं, आणि त्यांचं ऐकणं हा पहिला मान आहे.

अजून एक. १२६३ साली बार्सिलोनात आरागोनचा राजा जेम्स याच्यासमोर रामबान, म्हणजे नाखमानिदेस या यहुदी पंडितांना ख्रिस्ती धर्मगुरूंशी वाद करायला लावला होता. त्यांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तांतात आहे की राजाने त्रैक्याला द्राक्षारसाचा दाखला दिला, रंग, चव, वास तीन आणि द्राक्षारस एक. रामबान म्हणाले की हे गुण आहेत, एकमेकांपासून वेगळे होऊ शकतात, आणि गुणच मोजायचे तर तीनवर का थांबायचं. राजासमोर उभं राहून हे बोलायला केवढं धैर्य लागलं असेल याचा विचार करते तेव्हा मला आजही भरून येतं.

शब्दशोध्या:
वनिता ताई, ते ग्रीक भाषांतराचं मला अजिबात माहीत नव्हतं, आत्ताच उघडून बघितलं. सगळ्यांचे आभार. पण मग एक अडतंय. यहुदी परंपरेत हे सगळं जर इतकं स्वच्छ एकच होतं तर पहिले ख्रिस्ती, जे स्वतः यहुदीच होते, ते इतक्या लवकर येशूला देवाच्या बाजूला कसं काय बसवू शकले? आणि स्तोत्र ११०:१, 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणाला, माझ्या उजवीकडे बैस', याचं काय?

इतिहासाचा_विद्यार्थी:
हाच खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर असं की ते तितकं स्वच्छ नव्हतंच. दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या, म्हणजे येशूच्या आधीच्या शतकांतल्या आणि त्याच्या काळातल्या, यहुदी लोकांमध्ये देवाच्या बाजूला कोणीतरी आहे का यावर बरीच हालचाल होती. दानीएल ७:९ मध्ये 'आसनं मांडली' असं अनेकवचन आहे, पुराणपुरुष, म्हणजे देव, एका आसनावर बसतो, आणि ७:१३ मध्ये आकाशाच्या मेघांवरून मनुष्यपुत्रासारखा कोणीतरी येतो. मग दुसरं आसन कोणाचं? तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात (हगीगा १४अ), रब्बी अकिवा म्हणतात, एक देवाचं आणि एक दावीदाचं, आणि त्यांना लगेच फटकारलं जातं की शेखीनेला, म्हणजे देवाच्या सान्निध्याला, असं सामान्य किती दिवस करणार. त्याच पानांच्या पुढे एलिशा बेन अबुयाची गोष्ट आहे, त्याला स्वर्गात मेटाट्रॉन हा दूत बसलेला दिसतो आणि तो म्हणतो, देव न करो, पण दोन सत्ता तर नाहीत ना. तालमूदाच्याच सान्हेड्रिन ३८ब मध्ये एक विरोधक थेट निर्गम २४:१ वर बोट ठेवतो, परमेश्वर मोशेला 'परमेश्वराकडे वर ये' असं का म्हणतो, 'माझ्याकडे ये' का नाही? उत्तर मिळतं, तो मेटाट्रॉन, ज्याचं नाव त्याच्या धन्यासारखं आहे, आणि आधार दिला जातो निर्गम २३:२१ चा. सांजदिवा यांनी दिलेलं तेच वचन!

ॲलन सीगल या यहुदी अभ्यासकाने १९७७ साली याच 'स्वर्गातल्या दोन सत्ता' वादावर पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर या विषयाचा अभ्यासच बदलला. रब्बी ज्याला पाखंड म्हणून झटकत होते ते बाहेरून आलेलं नव्हतं, त्याच वचनांच्या वाचनातून उगवलेलं होतं. मला वाटतं पहिल्या ख्रिस्ती लोकांनी याच जमिनीत पेरलं. प्रेषित पौल १ करिंथ ८:६ मध्ये शेमाचेच शब्द घेऊन 'एकच देव, पिता' आणि 'एकच प्रभू, येशू ख्रिस्त' असं मांडतो, आणि हे येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांच्या आत.

पण नीट बघा, या वादात सत्ता दोन आहेत. तीन नाहीत. आत्म्याची गोष्ट वेगळी आणि फार हळू चाललेली आहे. हिब्रूत 'रूआख' म्हणजे वारा, श्वास, आत्मा तिन्ही, आणि बहुतेक ठिकाणी तो शब्द स्त्रीलिंगी आहे. ३२५ साली ख्रिस्ती बिशपांच्या निकियाच्या परिषदेने पुत्राबद्दल केवढं बारीक लिहिलं, आणि आत्म्याबद्दल फक्त 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच. आत्म्याला पिता आणि पुत्राबरोबर उपासना मिळते हे मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, आलं ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या पाठात. जे शास्त्रात आयतं लिहिलेलं असतं त्यासाठी इतकी वर्षं आणि इतकी भांडणं लागत नाहीत.

आणि भांडणंही कशावर? नीतिसूत्रे ८:२२ वर! तिथे ज्ञान बोलतंय, हिब्रू क्रियापद 'काना' म्हणजे मिळवणं, आणि काहींच्या मते उत्पन्न करणं, ग्रीक भाषांतराने ते 'निर्माण केलं' असं घेतलं. चौथ्या शतकातला धर्मगुरू एरियस म्हणाला बघा, पुत्र निर्माण केलेला आहे. त्याचा विरोधक बिशप अथनेशियस म्हणाला नाही, याचा अर्थ तसा नाही. पण हे ज्ञान म्हणजे ख्रिस्तच, यावर दोघांचंही एकमत! दोघंही ख्रिस्ताला जुन्या करारात शोधत होते आणि एकाच वचनातून एकमेकांच्या विरुद्ध टोकांना पोचले. मला तरी यावरून असं दिसतं की हिब्रू शास्त्र प्रश्न उभा करतं, दार उघडं ठेवतं, पण त्रैक्य शिकवत नाही. ते शिकवायला नवा करार आणि त्यानंतरची तीनशे वर्षं लागली.

मूळाक्षर:
स्तोत्र ११०:१ बद्दल लिहितो. हिब्रूत 'परमेश्वर'च्या जागी देवाचं चार अक्षरी नाव आहे आणि 'माझ्या प्रभू'च्या जागी 'अदोनी', माझा स्वामी. ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'क्यूरिओस' येतं म्हणून नव्या करारात वाचताना दोन्ही प्रभू सारखे दिसतात, हिब्रूत ते सारखे नाहीत. अदोनी हा शब्द बहुतेक ठिकाणी राजाला, धन्याला वापरलाय, 'अदोनाय' म्हटलं की मात्र देव. यावरून काही जण म्हणतात की विषय संपला, दुसरा प्रभू माणूसच. इतकं सोपं नाहीये. एक तर या दोन शब्दांत फरक फक्त स्वरांचा आहे, अक्षरं तीच, आणि स्वरचिन्हं मसोरा पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात लावली, अर्थात तोंडी परंपरा त्याआधीची असणार आणि ग्रीकमध्येही 'माझ्या' आहेच, त्यामुळे अदोनी हेच वाचन मला बरोबर वाटतं. दुसरं म्हणजे शास्ते ६:१३ मध्ये गिदोन 'अदोनी' म्हणतो तो त्याच दूताला ज्याच्याबद्दल वर लिहिलंय, आणि यहोशवा ५:१४ मध्येही परमेश्वराच्या सेनापतीला यहोशवा तेच म्हणतो. तेव्हा अदोनी म्हणजे फक्त माणूस असं नाही, आणि देव असंही त्यातून निघत नाही. देवाच्या उजवीकडे बसण्याइतका मोठा कोणीतरी, एवढंच ते वचन सांगतं.

आणि यशया ९ चं 'समर्थ देव' कोणी काढण्याआधीच सांगतो (हिब्रूत ते ९:५ आहे, आपल्या बायबलात ९:६), त्याच ओळीत त्या मुलाला 'सनातन पिता' असंही म्हटलंय. त्रैक्यात तर पुत्र हा पिता नाही, हीच तर मुख्य गोष्ट आहे, त्यामुळे ते वचन अक्षरशः घेणाऱ्यांना तिथे पुन्हा अर्थ लावावाच लागतो.

सांजदिवा:
मी मान्य करते की मी 'आधार देतं' आणि 'शिकवतं' यात गल्लत करत होते. कोणी विचारलं की अब्राहामाला त्रैक्य माहीत होतं का, तर मी नाही म्हणेन. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणतात ते उघडं दार, तेवढं मला पुरेसं आहे, कारण माझा विश्वास मुळात येशू कोण यावरून आलाय, एलोहीमच्या रूपावरून नाही. पुढच्या वेळी आमच्या अभ्यासगटात यशया ६३ घेताना ग्रीक पाठ पण वाचून दाखवीन, आत्तापर्यंत कधीच दाखवला नव्हता.

शब्दशोध्या:
हे सगळं दोनदा वाचलं. लहान मुलांच्या वर्गात एलोहीमवाला मुद्दा मी स्वतः शिकवला होता, तो या रविवारी मुलांना सांगून मागे घेतोय. आणि मित्राला आज मेसेज केला की आपण दोघं मिळून हागारेचा अध्याय हिब्रूत वाचू, वचनावचनाने, तू तुझं सांग मी माझं सांगतो. तो लगेच हो म्हणाला.